व्हील लोडर तापला की स्टीअरिंग जड होते. रिलीफचा स्क्रू आवळूनही प्रेशर वाढत नाही

प्रश्न – क्रशर देखभाल, सिन्नर

नमस्कार. सिन्नर परिसरातील एका खडी क्रशरवरील यंत्रांच्या देखभालीचे काम माझ्याकडे आहे. आमच्याकडे मधल्या पिनवर वाकणारा एक व्हील लोडर असून त्याच्या स्टीअरिंगने गेले काही आठवडे आम्हांला जेरीस आणले आहे. सकाळी मशीन सुरू केल्यावर तास-दीड तास स्टीअरिंग अगदी हलके चालते. मात्र तेल तापले की ते जड होऊ लागते आणि दुपारी ऑपरेटरला दोन्ही हातांनी जोर लावून चाक फिरवावे लागते. हॉपरसमोर भरलेली बकेट घेऊन वळताना, विशेषतः इंजिन आयडलिंगवर असताना, लोडर जवळजवळ वळतच नाही.

रचना अशी आहे की एकच गिअर पंप असून त्याचे तेल प्रथम प्रायॉरिटी व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे स्टीअरिंगला आधी तेल देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, येते. तेथून एक वाट ऑर्बिट्रोलकडे (स्टीअरिंगच्या चाकाने चालणाऱ्या हायड्रॉलिक युनिटकडे) आणि उरलेल्या तेलाची वाट बूम (बकेट उचलणारा हात) आणि बकेट यांच्या कंट्रोल व्हॉल्व्हकडे जाते. ऑर्बिट्रोलपासून प्रायॉरिटी व्हॉल्व्हपर्यंत एलएसची (लोड सेन्सिंगची, म्हणजे स्टीअरिंगला किती प्रेशर हवे हा सिग्नल नेणारी) बारीक लाइन आहे. मॅन्युअलप्रमाणे स्टीअरिंगचे प्रेशर १७५ बार आणि मुख्य रिलीफ (ठरलेल्या प्रेशरला उघडून तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह) २१० बार असावयास हवे.

बाहेरून बोलावलेल्या मिस्त्रींनी दुपारी गेज लावले तेव्हा चाक टोकापर्यंत वळवून, इंजिनला पूर्ण रेस देऊन ९० बार मिळाले. त्यांनी ऑर्बिट्रोलवरील स्टीअरिंग रिलीफचा स्क्रू सुमारे दीड फेरा आवळला, तरी काटा ९० च्या पुढे गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थंड मशीनवर तेच माप घेतले असता १९८ बार दिसले, म्हणजे सकाळचे प्रेशर उत्तम आहे असे म्हणावे लागेल. दुपारी पुन्हा ९०, आणि आयडलिंगवर तर २० च्या आसपास. पंप दोन महिन्यांपूर्वीच नवा बसवला आहे. तेल आणि फिल्टरही तेव्हाच बदलले होते. मिस्त्रींचे म्हणणे आहे की ऑर्बिट्रोल गेला असून नवा आणावा लागेल. तो स्वस्त नाही, त्यामुळे त्याआधी आणखी काय तपासावे याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ – लोडर मालक, चाकण

आमच्या लोडरला उन्हाळ्यात असाच त्रास झाला होता. आपल्याकडे ४६ ग्रेडचे हायड्रॉलिक ऑइल असेल तर ६८ ग्रेडचे, म्हणजे अधिक दाट, भरून पाहावे. तापल्यावर तेल पातळ होते, पातळ तेल आतल्या आत निसटते आणि प्रेशर पडते, हे सरळ गणित आहे. त्यानेही भागले नाही तर पंपच तपासावा. नवा असला म्हणून तो चांगलाच असतो असे नाही. आमच्या नव्या पंपाच्या, टाकीतून तेल ओढणाऱ्या सक्शन होजची क्लिप ढिली राहून तो हवा ओढत होता आणि टाकीत तेलाचा फेस दिसत असे.

उत्तर २ – हायड्रॉलिक बेंच, पिंपरी

नमस्कार. आपण मापे परिस्थितीसह दिली आहेत, म्हणजे तेल थंड होते की गरम, इंजिन रेसवर होते की आयडलिंगवर, हे सांगितले आहे. त्यामुळे येथे बसूनही बरेच काही ठरवता येते. बहुतेक ठिकाणी फक्त ‘प्रेशर कमी आहे’ एवढेच सांगितले जाते आणि त्यावरून निदान करणे अशक्य असते.

पहिली गोष्ट, १९८ बार हे उत्तम माप नाही. मॅन्युअल १७५ सांगते, म्हणजे सकाळी आपले स्टीअरिंग ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा २३ बार अधिक प्रेशरवर चालत आहे आणि त्याचे कारण तो आवळलेला दीड फेरा हेच आहे. स्क्रू आवळल्याचा परिणाम सकाळी दिसतो आणि दुपारी अजिबात दिसत नाही, याचा अर्थ दुपारी प्रेशर ठरवणारी वस्तू रिलीफ नसून दुसरीच काहीतरी आहे. तेल आधीच दुसऱ्या वाटेने निघून जात असेल तर रिलीफ उघडण्याची वेळच येत नाही. मग तो १७५ ला लावलेला असो वा १९८ ला, काटा ९० वरच थांबणार.

दुसरी गोष्ट पंपाची. तेल तापलेले असताना भरलेली बकेट जमिनीपासून पूर्ण उंचीपर्यंत उचलण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे आणि मॅन्युअलमधील वेळेशी ताडून घ्यावे. बूमलाही तोच पंप तेल देतो. दुपारी बूम ठरलेल्या वेळेत वर जात असेल तर पंप निर्दोष आहे, सक्शनमध्ये हवा नाही आणि तेलाची ग्रेडही या तक्रारीचे मूळ नाही. चाकणच्या बंधूंनी सांगितलेली सक्शनची शक्यता खोटी नाही, पण तशा वेळी पंप रडल्यासारखा आवाज करतो आणि बूमही धक्के खात उठतो. ग्रेड मात्र मॅन्युअल पाहिल्याशिवाय बदलू नये. दाट तेलाने गळती काही काळ झाकली जाते, आणि थंडीच्या सकाळी सक्शनवर ताण येतो तो वेगळाच.

आता आयडलिंगवरील २० आणि रेसवरील ९० या आकड्यांकडे पाहावे. तेल एखाद्या अर्धवट उघड्या वाटेने टाकीकडे पळत असेल, तर त्या वाटेच्या तोंडाशी होणारा अडथळा हेच सिस्टिमचे प्रेशर होऊन बसते आणि तेलाचा ओघ वाढला की हे प्रेशर ओघाच्या कितीतरी अधिक पटीने वाढते. आपल्याकडे हेच दिसते आहे. अशी वाट ऑर्बिट्रोलच्या आतही असू शकते, पण मला अधिक संशय प्रायॉरिटी व्हॉल्व्हच्या स्पूलचा, म्हणजे त्याच्या आत सरकून वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याचा, येतो. स्टीअरिंगला तेल हवे असताना त्या स्पूलने बूमकडची वाट बंद करावयाची असते. तो मध्येच अडकला तर बरेचसे तेल बूमच्या कंट्रोल व्हॉल्व्हमधून, लिव्हर मध्यावर असताना, सरळ टाकीत परत जाते.

ऑपरेटरला एक प्रश्न आवर्जून विचारावा: स्टीअरिंग जड असताना बकेटचा लिव्हर ओढला तर ते आणखी जड होते की हलके होते?

क्रशर देखभाल, सिन्नर

आपला प्रश्न वाचून मी थक्क झालो, कारण आमचा ऑपरेटर हेच सांगत होता आणि आम्ही कोणी ते मनावर घेतले नव्हते. वळण अडले की तो बकेट आत ओढून धरतो आणि मग चाक फिरवतो. त्या वेळी स्टीअरिंग लोण्यासारखे चालते असे तो म्हणतो. मला वाटले होते की त्याच्या हाताची सवय असेल. बूमची वेळ आज दुपारी घड्याळ लावून पाहिली, ती मॅन्युअलप्रमाणे आहे. पण बकेट ओढल्यावर स्टीअरिंगला तेल कमी पडावयास हवे ना? मग ते हलके कसे होते?

उत्तर ३ – हायड्रॉलिक बेंच, पिंपरी

आपल्या ऑपरेटरने निदान कधीच केले आहे. आता ते गेजवर पाहावे.

हलके होण्याचे कारण असे आहे. बकेट टोकाला नेऊन लिव्हर ओढून धरला की टाकीकडे जाणारी मोकळी वाट बंद होते आणि बूमच्या बाजूचे प्रेशर मुख्य रिलीफपर्यंत चढते. पंपाचे तोंड एकच असल्यामुळे पंपाचे प्रेशरही तेवढेच होते. स्पूल मध्ये अडकलेला असेल तर स्टीअरिंगची वाटही अर्धवट उघडीच असते, म्हणून ते वाढलेले प्रेशर थेट ऑर्बिट्रोलपर्यंत पोहोचते. स्टीअरिंगला हक्काने मिळावयाचे प्रेशर त्याला बकेटच्या आडून मिळत आहे.

हाच दोष एलएस लाइनचा असता तर चित्र उलटे दिसले असते. एलएसचा सिग्नल गळत असेल, उदाहरणार्थ स्टीअरिंग रिलीफच्या सीटवर कचरा बसला असेल किंवा त्या बारीक होजचा युनियन (जोड) पाझरत असेल, तर स्पूल मोकळा असतो आणि तो स्टीअरिंगकडचे प्रेशर एलएसच्या प्रेशरपेक्षा स्प्रिंगच्या ताकदीइतकेच जास्त ठेवतो. ही ताकद सहसा ४ ते १० बार इतकीच असते. मग बकेट कितीही ओढली तरी स्टीअरिंगकडे जाणारे तेल तो आवळूनच धरतो आणि चाक जडच राहते.

तेव्हा पुढील चाचणी करावी. तेल साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत तापू द्यावे. ० ते ४०० बारचे, ग्लिसरीन भरलेले गेज स्टीअरिंगच्या टेस्ट पॉइंटवर लावावे. ६०० बारच्या गेजवर लहान फरक नीट कळत नाहीत आणि किलोचे गेज असेल तर १ बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १.०२ किलो हे ध्यानात ठेवावे. चाक टोकाला नेऊन माप घ्यावे. नंतर चाक टोकालाच धरून बकेट आत ओढावी आणि काटा पाहावा. दोन्ही वेळा पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, कारण रिलीफवर तेल झपाट्याने तापते. काटा बकेटच्या मागोमाग २०० च्या वर गेला तर स्पूल अडकला आहे असे समजावे. ९० वरच राहिला तर एलएसची बाजू पाहावी.

दोन सावधगिऱ्या आहेत. काही लोडरांवर वळणाच्या टोकाजवळ तेल तोडणारे स्टॉप व्हॉल्व्ह असतात. तेथे टोकाला खरे प्रेशर कधीच मिळत नाही, म्हणून उत्पादक मधला सांधा हलू न देणारा लॉक बार लावून सरळ स्थितीत माप घेण्यास सांगतात. आपल्या मॅन्युअलमध्ये कोणती पद्धत दिली आहे ते आधी पाहावे. तसेच हा सारा युक्तिवाद साध्या गिअर पंपाच्या आणि लिव्हर मध्यावर असताना तेल मोकळे सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या मशीनपुरता आहे; पिस्टन पंपाच्या लोड सेन्सिंग मशीनला तो जसाच्या तसा लावू नये.

उत्तर ४ – निवृत्त फिटर, नागपूर

वरील विवेचन योग्य आहे. मी केवळ काम करण्याच्या पद्धतीविषयी लिहितो, कारण क्रशरवर घाई फार असते आणि खाली गाड्या भरण्यासाठी रांगेत उभ्या असतात.

लोडरच्या मधल्या सांध्यात कोणालाही उभे राहू देऊ नये. होज उघडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे, लॉक बार लावावा, चाक दोन्ही बाजूंना हलवून आणि बूमचे लिव्हर पुढे-मागे करून अडकलेले प्रेशर सोडावे आणि मगच पान्याला हात घालावा. बारीक गळती बोटाने कधीही शोधू नये. पुठ्ठा किंवा लाकडाची पट्टी फिरवावी. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारे तेल कातडी भेदून आत शिरते, जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, वेदनाही सुरुवातीला फारशी नसते आणि काही तासांत हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे घडलेच तर मलमपट्टी करून घरी न पाठवता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित न्यावे आणि हायड्रॉलिक तेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

आता व्हॉल्व्हविषयी. आपण लिहिता की पंप दोन महिन्यांपूर्वी बदलला. माझा अंदाज असा आहे की त्या वेळी प्रायॉरिटी व्हॉल्व्ह उतरवून पुन्हा बसवला गेला असणार. स्पूल आणि बॉडी यांच्यातील फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते; बैठकीखाली जुना रंग, गॅस्केटचा तुकडा किंवा वेल्डिंगचा थेंब राहिला आणि वरून बोल्ट लांब पाईप लावून आवळले, तर बॉडी किंचित पिळते आणि स्पूल चावतो. थंड असताना तो कसाबसा चालतो. गरम तेलाने स्पूल बॉडीच्या आधी तापतो, उरलीसुरली फट संपते आणि तो अडकतो. व्हॉल्व्ह काढून टेबलावर पाहिला तर काहीच दोष सापडत नाही, म्हणून लोक तो धुऊन परत बसवतात आणि दुखणे तसेच राहते.

यासाठी व्हॉल्व्ह काढण्यापूर्वीच, बोल्ट आवळलेले असताना, टोकाचा प्लग उघडून आणि स्प्रिंग काढून स्पूल बोटाने ढकलून पाहावा. मग बोल्ट अर्धा फेरा ढिले करून पुन्हा पाहावा. त्या दोन वेळांत जो फरक जाणवेल त्यावर विश्वास ठेवावा.

क्रशर देखभाल, सिन्नर

आपणा सर्वांचा आभारी आहे. दोन दिवसांनी लिहीत आहे.

गरम तेलावर चाचणी घेतली. चाक टोकाला नेऊन ९० बार होते. बकेट ओढताच काटा २०५ पर्यंत चढला आणि लिव्हर सोडताच खाली आला. ऑपरेटर शेजारी उभा राहून हसत होता.

त्यानंतर नागपूरच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे प्लग उघडून पाहिले. बोल्ट आवळलेले असताना स्पूल बोटाने ढकलल्यावर थोडा सरकून थांबत होता आणि परत येत नव्हता. चारही बोल्ट ढिले केल्यावर तोच स्पूल तेलाच्या पातळ थरावर अलगद सरकू लागला. व्हॉल्व्ह उतरवला तेव्हा ब्रॅकेटच्या एका कोपऱ्यावर वेल्डिंगचा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, थेंब चिकटलेला सापडला. व्हॉल्व्हच्या बैठकीवर त्याचा स्पष्ट ठसा उमटला होता. तो घासून काढला, बैठक स्टीलच्या पट्टीने तपासली, स्पूल आणि बोअर स्वच्छ डिझेलने धुऊन हवा मारली. स्पूलच्या एका कडेवर बारीक ओरखडा आहे, पण तो नखाला लागत नाही. ओ-रिंग नव्या घातल्या आणि बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलप्रमाणे तिरक्या क्रमाने आवळले.

आता दुपारीही स्टीअरिंग हलके आहे आणि आयडलिंगवर वळण पूर्ण होते. गरम तेलावर टोकाला १९६ बार दिसत आहेत. मशीन कामाला लावावे का? आणखी एक शंका अशी की टोकाला चाक धरून जोर लावला असता ते अगदी सावकाश सरकत राहते. मिस्त्रींच्या मते ऑर्बिट्रोल खराब असल्याचा हाच पुरावा आहे.

उत्तर ५ – हायड्रॉलिक बेंच, पिंपरी

इतक्यात कामाला लावू नये. दोष दुसरीकडे असताना जो दीड फेरा आवळला गेला, तो अजून तसाच आहे. आतापर्यंत तो फक्त सकाळी लागू होत होता. आता दिवसभर लागू होईल. गेज लावलेले ठेवून, तेल गरम असताना, स्क्रू थोडा थोडा ढिला करत १७५ वर आणावा. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून लॉकनट आवळल्यानंतरचे माप हेच खरे माप धरावे. स्टीअरिंगच्या सिलिंडर लाइनवरील, धक्क्याने वाढलेले प्रेशर सोडणारे शॉक व्हॉल्व्ह सहसा रिलीफपेक्षा किमान ५० बार वर लावलेले असतात, त्यामुळे त्यांना इजा झाली असण्याचा संभव कमी आहे. पण बकेट ओढून वळवण्याच्या काळात होजनी २०० च्या वरचे प्रेशर सोसले आहे. मधल्या सांध्याजवळ जेथे होज वाकतात आणि एकमेकांना घासतात, तेथे वरचे आवरण फुगले आहे का आणि क्रिंपिंगच्या (होजच्या टोकाशी दाबून बसवलेल्या जोडाच्या) कडेला ओलावा आहे का, ते पुठ्ठ्याने पाहावे. फिल्टरही बदलावा, कारण स्पूल चावत असताना निघालेला कीस कोठेतरी अडकलेला असणार.

चाक सावकाश सरकण्याविषयी: ऑर्बिट्रोलमध्ये आतून थोडी गळती नव्या युनिटमध्येही असते, म्हणून टोकाला धरलेले चाक हळूहळू फिरणे हा एकट्याने दोषाचा पुरावा होत नाही. मिनिटाला किती फेरे चालतात याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तिच्याशी ताडून पाहावे. मर्यादेपेक्षा जास्त असेल तरी लगेच ऑर्बिट्रोलला दोष देऊ नये, कारण सिलिंडरच्या पिस्टनचे सील गेले असले तरी चाक असेच सरकते. दोहोंतील दोषी कोण हे असे ओळखावे: लोडर पूर्ण डावीकडे वळवून इंजिन बंद करावे आणि प्रेशर सोडावे. या स्थितीत डावा सिलिंडर मिटलेला आणि उजवा ताणलेला असतो, म्हणून डाव्याची मागच्या टोकाची आणि उजव्याची रॉडकडची होज काढावी. काढलेल्या होजच्या तोंडांना प्रेशर सोसणाऱ्या लोखंडी कॅप घालाव्यात, सिलिंडरची तोंडे उघडी ठेवून खाली स्वच्छ डबा धरावा. सर्वांना दूर उभे करून इंजिन आयडलिंगवर सुरू करावे आणि चाक डावीकडेच दाबून धरावे. ज्या सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेलाची धार लागेल त्याचे सील गेले आहे. तेथे थेंबच पडत असतील आणि चाक तरीही भरभर फिरत असेल, तर मिस्त्रींचे म्हणणे खरे मानून ऑर्बिट्रोल उघडावा.

उघडलाच तर गिअर सेट आणि आतील शाफ्ट यांच्या खुणा आधी करून ठेवाव्यात. ते एका दाताने जरी चुकीचे बसले तरी इंजिन सुरू होताच स्टीअरिंग आपोआप फिरू लागते, आणि ते कोणत्या बाजूला फिरेल हे आपल्या हाती राहत नाही.